पोटगी आणि इन्कम टॅक्स: कन्सेंट टर्म्सवर सही करण्याआधी वाचा

जुलै लागला की सोलापुरात आमच्या नवी पेठेतल्या ऑफिसात दुपारच्या वेळी एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कोर्टाच्या हुकमाची नक्कल, पासबुक आणि आधार. बाकीची माणसं उठून जाईपर्यंत ते थांबतं आणि मग आवाज खाली घेऊन विचारतं, "मॅडम, पोटगीवर टॅक्स असतो का हो?" कधी बाई असते, कधी पुरुष. पुरुषाचा प्रश्न जरा वेगळा असतो: "मी दर महिन्याला भरतोय, तेवढी तरी टॅक्समधून वजा होईल ना?"

दोघांनाही मी एकच सांगते, तुम्ही उशिरा आलात. पोटगीवरचा कर जुलैत रिटर्न भरताना ठरत नाही. तो कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींवर, सही करता त्या दिवशीच ठरून जातो. आम्ही नंतर फक्त आकडे भरतो. मी स्वतः आठ वर्षांपूर्वी या रांगेत होते. रिटर्न भरणं हे माझं रोजचं काम, तरी माझ्याच कागदात चूक राहिली. ती कुठे राहिली ते पुढे ओघात येईल.

(खाली कलमांचे आकडे १९६१च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. वकील आणि सीए मंडळींच्या तोंडी अजून जुनेच आहेत. करांचे दर आर्थिक वर्ष २०२५-२६चे घेतले आहेत.)

आधी मूळ नियम समजून घ्या

आपल्या आयकर कायद्यात "पोटगी" नावाचं वेगळं कलमच नाही. जे काही आहे ते कोर्टाच्या निकालांतून उभं राहिलंय. दर महिन्याला येणारी पोटगी हे घेणाऱ्याचं उत्पन्न. ते "इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न" म्हणून दाखवायचं. एकदाच मिळालेली एकरकमी पोटगी ही भांडवली जमा. तिच्यावर कर नाही. हा फरक मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या महेश्वरी देवींच्या खटल्यात केला आणि आजही आपल्याकडे तोच धरून चालतात. पुढे २०१३ मध्ये दिल्लीच्या आयकर न्यायाधिकरणाने आणखी एक गोष्ट मान्य केली: मागच्या-पुढच्या सगळ्या मासिक हक्कांवर पाणी सोडून त्याबदल्यात एकदम रक्कम घेतली, तर तीही भांडवलीच.

देणाऱ्याच्या बाजूने उत्तर रोखठोक आहे. काही वजा होत नाही. सीतलदास तीरथदास यांचा खटला १९६० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. बायको-मुलांना महिना १,५०० रुपये द्यायचा हुकूम होता, म्हणून वर्षाचे १८,००० उत्पन्नातून वगळा, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं, पैसा आधी तुमच्या हातात आला, तुमचा झाला, मग तुम्ही तो दिलात. आधी कमाई, मग खर्च, आणि कर कमाईवर. पोटगी तुमच्या पगारातून कंपनीनेच परस्पर कापून बायकोच्या खात्यात टाकली तरी हेच. फॉर्म १६ वर पूर्ण पगार दिसणार आणि कर पूर्ण पगारावर बसणार.

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून येणारे बरेच असतात. तिकडे जुन्या घटस्फोटांत देणाऱ्याला वजावट मिळायची आणि घेणाऱ्याला कर लागायचा. २०१८ नंतरच्या घटस्फोटांना त्यांनीही ते बंद केलं. मुलांच्या खर्चाला तर तिथे कधीच वजावट नव्हती. तो कायदा तिकडचा, सोलापूरच्या रिटर्नला त्याचा काही उपयोग नाही.

पहिली पायरी: हुकमात बायकोची आणि मुलाची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या

माझी चूक इथेच झाली. माझ्या कन्सेंट टर्म्समध्ये टायपिस्टने एक नेहमीचं वाक्य ठोकून दिलं: "अर्जदार व तिची अज्ञान मुलगी यांच्या उदरनिर्वाहासाठी दरमहा अमुक इतकी रक्कम". दोघींची मिळून एकच रक्कम. कौटुंबिक न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून मी सही केली. त्या दिवशी मला फक्त ते प्रकरण संपायला हवं होतं. पुढे रिटर्न भरायला बसले तेव्हा लक्षात आलं की मुलीच्या वाट्याचा भाग वेगळा काढून दाखवायला माझ्याकडे कागदच नाही. सगळी रक्कम माझंच उत्पन्न झाली.

वेगळं लिहिल्याने काय होतं? घटस्फोटाने नवरा-बायकोचं नातं तुटतं, बाप-लेकराचं तुटत नाही. बापाकडून मुलाला आलेला पैसा हा नातेवाइकाकडून आलेला पैसा. कलम ५६(२)(x) खाली नातेवाइकाने दिलेल्या रकमेवर कर नाही, आणि त्या व्याख्येत आई-बाप येतात. म्हणून "मुलाच्या पालनपोषणासाठी दरमहा इतके, मुलाच्या खात्यात" असं हुकमात स्पष्ट असेल तर ती रक्कम आईच्या उत्पन्नात धरायची नाही, अशी भूमिका घ्यायला जागा राहते. यासाठी स्वतंत्र कलम नाही, म्हणूनच हुकमातल्या शब्दांना एवढी किंमत. रक्कम मोठी असेल तर सीएकडून यावर लेखी मत घेऊन ठेवा.

आकड्यांत बघू. समजा एक शिक्षिका आहे, पगार महिना ७५,०००. वर्षाचे ९,००,०००. त्यातून ७५,०००ची प्रमाणित वजावट गेली, राहिले ८,२५,०००. तिची स्वतःची पोटगी महिना २५,०००, म्हणजे वर्षाची ३,००,०००. एकूण ११,२५,०००. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कलम ८७एची सूट असल्याने कर शून्य. मुलासाठी महिना १५,००० वेगळे येतात आणि हुकमात ते वेगळे लिहिलेले आहेत.

आता तीच बाई, तेवढेच पैसे, फक्त हुकूम माझ्यासारखा: "दोघांसाठी मिळून ४०,०००". उत्पन्न झालं १३,०५,०००. बारा लाखांची रेघ ओलांडली आणि सूट गेली. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४०,०००, वरच्या १,०५,००० वर १५ टक्क्यांनी १५,७५०. झाले ७५,७५०. त्यावर ४ टक्के उपकर धरून ७८,७८० रुपये. दर वर्षी. टायपिस्टला एक ओळ जास्त मारायला लावली असती तर हे वाचले असते.

वकिलाला हे तुम्हालाच सांगावं लागतं. बरेच वकील घटस्फोटाचं काम चोख करतात, पण टॅक्स हा त्यांचा प्रांत नाही आणि ते तसं कबूलही करतात.

दुसरी पायरी: एकरकमी की दरमहा, हे फक्त टॅक्सवर ठरवू नका

"एकरकमीवर टॅक्स नाही" हे कळलं की सगळे तिकडे धावतात. थोडं थांबा. तुमचं एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, आणि सोलापुरातल्या बहुतेक बायकांचं असतंच, तर मासिक पोटगीवरही नव्या पद्धतीत कर शून्यच येतो. मग एकरकमी घेऊन टॅक्स कुठे वाचला? जुनी पद्धत निवडलीत तर मात्र सूट ५ लाखांपर्यंतच, तिथे गणित बदलतं.

खरा प्रश्न वेगळा आहे. समोरचा माणूस दर महिन्याला भरेल का? पगारदार असेल, सरकारी नोकरीत असेल तर वसुली होते. एमआयडीसीत भागीदारीत यंत्रमाग चालवणाऱ्याने "मंदी आहे" म्हटलं की तारखा सुरू. थकलेली पोटगी वसूल करायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि हे बायकांना कोणी सांगत नाही. अशा माणसाकडून मिळतंय तेवढं एकदम घ्या, असं माझं मत. पण एकरकमी पैसे आले की भावाला टेम्पो घ्यायचा असतो, मामाला मुलीचं लग्न काढायचं असतं, हेही मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी आधीच विचारते: "हे पैसे तुमच्याकडे आलेत हे घरात किती जणांना माहीत आहे?"

थकबाकीबद्दल एक. दोन-तीन वर्षांची मासिक पोटगी एकदम वसूल झाली तर पगाराच्या थकबाकीला मिळते तशी कलम ८९ची सवलत तिला मिळत नाही. एका वर्षात सगळं येऊन पडतं आणि तुम्ही वरच्या टप्प्यात जाता. त्यामुळे वसुलीच्या दाव्यात तडजोड करताना "मागील व पुढील सर्व हक्कांच्या बदल्यात एकरकमी" हे शब्द आहेत की नुसतं "थकबाकीपोटी", हे वाचूनच सही करा.

तिसरी पायरी: पैसे रोखीने घेऊ नका

हे नियम म्हणून पाळा. कलम २६९एसटी नुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तोही घेणाऱ्याला. "मग दीड-दीड लाखाचे हप्ते करू" हा नेहमीचा सोलापुरी तोडगा इथे चालत नाही, कारण प्रसंग एकच, घटस्फोट. शिवाय बचत खात्यात वर्षात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते, आणि तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, ते उमटतं.

डिमांड ड्राफ्ट किंवा आरटीजीएस घ्या, आणि तेही फक्त तुमच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात. ड्राफ्टचा नंबर कन्सेंट टर्म्समध्ये लिहून घ्या. पुढे नोटीस आलीच तर हुकमाची नक्कल आणि पासबुकाचं पान, दोन कागदांत उत्तर संपतं.

चौथी पायरी: पैसा करमुक्त, पण त्याचं व्याज नाही

एकरकमी १२ लाख आले, कर नाही, ठीक. ते बँकेत मुदत ठेवीत टाकले आणि ७ टक्के धरलं तर वर्षाला ८४,००० व्याज. हे व्याज तुमचं उत्पन्न. शिवाय वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की बँक १० टक्के टीडीएस (परस्पर कापलेला कर) कापते, म्हणजे ८,४००.

टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणारी एक बाई धरू. पगार महिना २२,०००, वर्षाचा २,६४,०००, प्रमाणित वजावटीनंतर १,८९,०००. पोटगी महिना १५,०००, म्हणजे १,८०,०००. व्याज ८४,०००. एकूण ४,५३,०००. (७५,०००ची वजावट फक्त पगाराला मिळते. पोटगीवर तशी काही नाही.) कर ५३,००० वर ५ टक्के, म्हणजे २,६५०, आणि सूट लागून तोही शून्य.

आता या बाई म्हणणार, "टॅक्स नाही ना, मग रिटर्न कशाला?" दोन कारणं. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक, कर शून्य आला तरी. आणि बँकेने कापलेले ते ८,४०० परत मिळवायचा रिटर्न हाच रस्ता. न भरता राहिलेला रिफंड घेऊन कोणी तुमच्या घरी येत नाही.

पाचवी पायरी: मुलांच्या नावावरचे पैसे

अज्ञान मुलाच्या नावाने ठेव ठेवली तर तिचं व्याज आई-बापांपैकी एकाच्या उत्पन्नात मिळवतात. लग्न टिकून असेल तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात. घटस्फोट झाला असेल तर त्या वर्षी मुलाला सांभाळणाऱ्याच्यात, कलम ६४(१ए). म्हणजे ठेव बापाने ठेवली तरी व्याज तुमच्या रिटर्नमध्ये येणार, हे धरून चला. जुन्या पद्धतीत दर मुलामागे १,५०० रुपये सोडतात, नव्यात तेही नाहीत. मूल अठरा वर्षांचं झालं की हे संपतं आणि त्याचं स्वतंत्र रिटर्न सुरू होतं.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं काढा. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि व्याज दोन्ही पद्धतींत करमुक्त. बापाने मुलीसाठी म्हणून एकरकमी दिलंच तर मी पहिल्यांदा हेच सुचवते.

बापाच्या फायद्याचीही एक गोष्ट. जुन्या पद्धतीत कलम ८०सी खाली दोन मुलांच्या शाळा-कॉलेजच्या ट्यूशन फीची वजावट मिळते. आईच्या खात्यात पैसे देऊन ती मिळत नाही. फी तुम्ही थेट शाळेत भरा, पावती तुमच्या नावाची घ्या. खासगी क्लासची फी यात बसत नाही.

सहावी पायरी: घर नावावर करायचं असेल तर

थोडक्यात सांगते, कारण इथे वकील लागतोच. लग्न टिकून असताना नवऱ्याने राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र, २०० रुपये. त्यावर स्थानिक उपकर आणि इतर खर्च वेगळा. हुकूम झाल्यावर ती बायको राहत नाही आणि सवलतही जाते. म्हणून तारखांचा क्रम सांभाळा. बायकोला फुकट दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न एरवी नवऱ्यालाच जोडतात, पण "वेगळं राहण्याच्या करारानुसार" दिलेलं असेल तर जोडत नाहीत. तो करार कागदावर हवा. जुळे सोलापुरातला फ्लॅट तुमच्या नावावर झाला आणि भाड्याने दिलात, तर भाडं तुमचं उत्पन्न.

आणि लग्नातलं स्त्रीधन परत मिळालं तर ते उत्पन्न नाहीच. तुमचीच वस्तू तुमच्याकडे आली.

सातवी पायरी: पोर्टलवरचा मोबाईल नंबर

लग्नात बायकोचं पॅन, रिटर्न, सगळं नवऱ्याने केलेलं असतं. त्यामुळे आयकर पोर्टलवर तिच्या नावापुढे नंबर त्याचा, ईमेल त्याचा. घटस्फोटानंतर पहिल्यांदा लॉगिन करायला गेले तेव्हा ओटीपी माझ्या आधीच्या नवऱ्याच्या फोनवर गेला. रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला, नुसते सहा आकडे. पुढे-मागे एक शब्द नाही. मला हसावं की रडावं कळेना. ते आकडे टाकून मी आत गेले आणि पहिलं काम नंबर बदलण्याचं केलं.

तुम्ही हे हुकमाच्या आधीच करा. आधारला तुमचा स्वतःचा नंबर जोडलेला असेल तर आधार ओटीपीने लॉगिन होतं. त्यासाठी आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. मग पोर्टलवर प्रोफाइलमध्ये मोबाईल, ईमेल, आणि रिफंडचं बँक खातं बदला. खातं जुनं जॉइंट असेल तर रिफंड त्यातच जाऊन बसेल. जॉइंट ठेवी मोडून वेगळ्या करा, कारण व्याज आणि टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर पडतं. पॅनवर नवऱ्याचं नाव नसतंच, वडिलांचं असतं, त्यामुळे आडनाव बदलायचं नसेल तर पॅनला हात लावायची गरज नाही.

आठवी पायरी: रिटर्न

आधी एआयएस उतरवून घ्या आणि त्यातलं व्याज पासबुकाशी ताडून पाहा. पगार, पोटगी आणि व्याज एवढंच असेल तर सहज, म्हणजे आयटीआर १ पुरतो. मासिक पोटगी "इतर स्रोत" मध्ये, एकरकमी "करमुक्त उत्पन्न" मध्ये कारण लिहून. ती दाखवली नाही तर चालतं असं सांगणारे आहेत. मी दाखवते. पुढे त्या पैशातून घर घेतलंत तर पैसा कुठून आला याचं उत्तर आधीच रेकॉर्डवर असतं.

पोटगीवर कोणी टीडीएस कापत नाही. त्यामुळे वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर भरा, नाहीतर व्याज लागतं.

आणि कोर्टात एक, रिटर्नमध्ये दुसरं असं करू नका. रजनेश विरुद्ध नेहा या २०२०च्या निकालापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रिटर्नमध्ये आठ लाख दाखवणारा नवरा कोर्टात "महिना बारा हजार सुटतात" म्हणाला, की समोरचा वकील तेच रिटर्न काढून टेबलावर ठेवतो. बायकोच्या बाबतीतही तसंच.

मुदत ३१ जुलै. उशीर झाला तर ५ लाखांपर्यंत उत्पन्नाला १,००० आणि त्यापुढे ५,००० रुपये शुल्क. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. उशिरा केलंत तर ते त्या दिवशी भरलं असं धरतात, आणि केलंच नाही तर भरलंच नाही असं. ओटीपी येईल. या वेळी तुमच्याच फोनवर.